मोफत कोड मागणारे संशयास्पद ई-मेल: खरा परीक्षक आणि तोतया यांतला फरक कसा ओळखावा?

अमळनेरकर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझा मावसभाऊ आणि मी मिळून खान्देशातल्या आठवडे बाजारावर बेतलेला एक छोटा संगणकावरचा खेळ तयार करीत आहोत. भाजीवाली, कासार, धान्याचा अडत्या अशा पात्रांशी अहिराणीत बोलत हिशेबाची कोडी सोडवायची, असे त्याचे स्वरूप असून मराठी आणि इंग्रजी सबटायटल दिलेली आहेत. आम्ही दोघेही नोकरी सांभाळून हे काम करतो आणि जाहिरातीसाठी हाताशी पैसा नाही; त्यामुळे कोणी यूट्यूबवर आमचा खेळ खेळून दाखवला किंवा कुठे परीक्षण लिहिले, तर तीच आमची जाहिरात ठरणार आहे.

स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आमच्या खेळाचे पान लोकांना दिसू लागले, त्याच आठवड्यापासून मोफत कोड मागणारे ई-मेल येऊ लागले. सुरुवातीला आनंद झाला, पण पत्रे नीट वाचत गेलो तसे कुठेतरी पाणी मुरते आहे असे वाटू लागले. एक नमुना सांगतो. पोलंडमधील एका मोठ्या यूट्यूब वाहिनीच्या नावाने पत्र आले आहे. त्यात वाहिनीचा दुवा दिला आहे, तो खरा आहे आणि वाहिनीला लाखो सदस्यही आहेत. मात्र पत्रात लिहिले आहे की, ‘आपल्या खेळातील वेगवान लढाया आमच्या प्रेक्षकांना फार आवडतील.’ आमच्या खेळात लढाईच नाही; तराजूत शेंगा तोलणे आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब जुळवणे एवढेच आहे. पत्राच्या शेवटी चार कोड मागितले आहेत: एक स्वतःसाठी, एक संपादकासाठी आणि दोन प्रेक्षकांना बक्षीस देण्यासाठी. दुसरे पत्र स्टीमवरच्या एका क्युरेटर गटाचे, म्हणजे खेळांच्या शिफारशी लिहिणाऱ्या गटाचे आहे. त्यांना तीन कोड हवेत, आणि ते ‘फक्त ई-मेलनेच पाठवा’ असा त्यांचा आग्रह आहे.

अजून आम्ही कोणालाही कोड दिलेला नाही. माझे प्रश्न असे आहेत की, या लोकांना एका खेळाचे इतके कोड कशासाठी हवे असतात, खरा माणूस ओळखायचा कसा, आणि सरसकट सर्वांना नकार दिला तर आमच्यासारख्या नवख्यांचे त्यात नुकसान होणार नाही का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भुसावळचा_विकसक

अमळनेरकर दादा, आपली शंका रास्त आहे. आपण वर्णन केलेली दोन्ही पत्रे ठरावीक साच्यातली आहेत आणि स्टीमवर पान उघडणाऱ्या जवळपास प्रत्येक छोट्या विकसकाला ती येतात. पान प्रसिद्ध होताच खेळाचे नाव आणि संपर्काचा पत्ता उचलून एकच मजकूर शेकडो जणांना पाठवला जातो, म्हणून त्यात तुमच्या खेळात नसलेल्या लढाया येतात.

आधी कोड म्हणजे काय ते स्पष्ट करतो. स्टीमचा कोड पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांचा, एकूण १५ अक्षरांचा असतो. बेअरर चेकप्रमाणे त्यावर कोणाचेही नाव नसते. जो आधी आपल्या खात्यात तो टाकील, त्याच्या मालकीचा खेळ होतो. असे कोड विकसकाला स्टीमकडून विनामूल्य मिळतात आणि त्यांवर स्टीम चालवणारी वाल्व्ह कंपनी कमिशनही घेत नाही, त्यामुळे चार दिले काय आणि चाळीस दिले काय, आपल्या खिशातून काहीच जात नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मागून घेतलेले हे कोड जीटूए, किंग्विन यांसारख्या बाजारपेठांत, जिथे कोणीही विक्रेता म्हणून कोड मांडू शकतो, तिथे तुमच्या किमतीपेक्षा कमी दराने विकायला ठेवले जातात. तुमच्या खेळाचे नाव शोधत आलेला ग्राहक पैसे मोजायला तयार होता. ते पैसे त्याने मोजलेही, पण ते भामट्याला आणि बाजारपेठेला मिळाले. शिवाय, विक्री सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी खेळ दुसरीकडे अर्ध्या किमतीत दिसला, तर तुमची मूळ किंमत लोकांना अवाजवी वाटू लागते, आणि छोट्या खेळाला हा फटका अधिक जाणवतो.

हा व्यवहार किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून दोन घटना सांगतो. २०१६ मध्ये टायनीबिल्ड या प्रकाशकाने आपल्या खेळांचे सुमारे साडेचार लाख डॉलर किमतीचे कोड जीटूएवर विकले गेल्याचा जाहीर आरोप केला होता आणि जीटूएने तो फेटाळला होता. पुढे ‘फॅक्टोरिओ’ हा खेळ बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरच्या तक्रारीवरून तपासणी झाली. तीत १९८ कोड गैरमार्गाने मिळवलेले निघाले आणि २०२० मध्ये जीटूएने ३९,६०० डॉलर भरपाई दिली. वुबचे प्रकरण क्रेडिट कार्डांच्या फसवणुकीचे होते, ई-मेलने कोड मागण्याचे नव्हते. तरीही एकदा कोड तिथे पोहोचला की तो कोणत्या वाटेने आला हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही, आणि भामट्यांचा धंदा याच अपारदर्शकतेवर चालतो.

आता क्युरेटरविषयी. नोव्हेंबर २०१७ पासून स्टीममध्ये ‘क्युरेटर कनेक्ट’ ही सोय आहे. विकसक आपल्या स्टीमवर्क्स (स्टीमची विकसकांसाठीची बाजू) खात्यातून क्युरेटर निवडतो आणि खेळाची प्रत थेट त्या गटाच्या खात्यात पाठवतो. हाती कोड पडतच नाही, त्यामुळे विकण्यासारखे काही उरत नाही. एवढी सरळ वाट उपलब्ध असताना ‘फक्त ई-मेलनेच कोड पाठवा’ असा जो आग्रह धरतो, त्याला खेळ खेळायचा नसून कोड हवा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. ‘आमच्याकडे तीन लेखक आहेत, म्हणून तीन कोड’ हेही मला पटत नाही. परीक्षण लिहिणाऱ्या एका माणसाला एक प्रत पुरते.

काही पत्रांत ‘आम्ही तुमच्या पानावर चांगले अभिप्राय लिहू’ असे आमिषही असते. स्टीमने सप्टेंबर २०१६ पासून कोड टाकून मिळवलेल्या प्रतींचे अभिप्राय खेळाच्या एकूण गुणांकनात धरणे बंद केले आहे. म्हणजे हा शब्द समोरच्याने अगदी प्रामाणिकपणे पाळला, तरी तुमचे गुणांकन तसूभरही हलणार नाही.

शब्दखेळ_जळगाव

मी लहान मुलांसाठी मराठी शब्दखेळांची मोबाइल अॅप तयार करते आणि आमच्या क्षेत्रातही हीच कहाणी आहे. अॅपल आपल्याला अॅपच्या प्रत्येक आवृत्तीसाठी १०० प्रोमो कोड देते आणि ते चार आठवड्यांत कालबाह्य होतात; गूगल प्लेवर प्रत्येक अॅपमागे दर तिमाहीला ५०० कोडांची मर्यादा आहे. मर्यादा असल्यामुळे निदान आपण मोजून-मापून देतो, पण मागणाऱ्यांचे मजकूर तेच असतात.

भुसावळच्या दादांनी पैशांची बाजू सांगितली. मी पत्र तपासण्याची रीत सांगते, कारण अमळनेरकर दादांना आलेल्या पत्रात वाहिनी खरी आहे आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. वाहिनी खरी असणे आणि पत्र लिहिणारा त्या वाहिनीचा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोतया प्रसिद्ध वाहिनी मुद्दाम निवडतो, म्हणजे तुम्ही दुवा उघडून पाहिलात की लाखो सदस्य दिसतात आणि तुमचे समाधान होते.

पत्ता अक्षरागणिक वाचावा. लॅटिन लिपीतील ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की घाईत तो ‘एम’ वाटतो. छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ घातला तर अनेक फाँटमध्ये दोहोंत काहीच फरक दिसत नाही. मी असा संशयित पत्ता नोटपॅडमध्ये चिकटवून फाँट बदलून पाहते, आणि लबाडी असेल तर बहुधा तिथेच उघडी पडते. त्यानंतर उत्तर कोणत्या पत्त्यावर जाणार आहे ते पाहावे. पाठवणाऱ्याचा पत्ता एक आणि ‘रिप्लाय-टू’ दुसरा असेल, तर तिथेच थांबावे. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडले की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. मात्र त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा: ‘पास’ याचा अर्थ पत्र खरोखर त्या डोमेनवरून निघाले एवढाच होतो. तोतयाने स्वतःच जीमेलवर खाते उघडले असेल तर तिन्ही तपासण्या पास होतात.

म्हणून शेवटी विश्वास ठेवावा असा एकच उपाय माझ्या पाहण्यात आहे, तो म्हणजे आलेल्या पत्राला उत्तर न देता वाहिनीच्या माहिती-पानावर दिलेल्या व्यावसायिक पत्त्यावर स्वतः नवे पत्र लिहिणे. यूट्यूबवर हा पत्ता पाहण्यासाठी लॉगिन करून ‘मी रोबोट नाही’ ही पडताळणी पार करावी लागते. दोन मिनिटांचे काम आहे. ‘आपल्या नावाने अमुक तारखेला अशी मागणी आली आहे, ती आपलीच आहे का?’ एवढे एक वाक्य पुरते. खरा माणूस असेल तर त्याला याचा राग येत नाही, उलट आपल्या नावाचा गैरवापर होत आहे हे त्याला कळते.

आणखी एक गोष्ट. पत्रासोबत ‘मीडिया किट’ किंवा ‘करारनामा’ म्हणून झिप फाइल आली असेल, तर ती उघडू नये. खुद्द यूट्यूबवाल्यांना खोट्या प्रायोजकत्वाची पत्रे पाठवून त्यांच्या ब्राउझरमधील लॉगिनच्या कुकीज चोरल्या जात असल्याचे गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सविस्तर मांडले होते. ज्या संगणकावर तुमचे स्टीमवर्क्स खाते उघडे असते, त्याच संगणकावर अनोळखी फाइल उघडणे हा चार कोड गमावण्याहून फार मोठा धोका आहे.

शहादेकर_खेळाडू

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण मला पलीकडची बाजूही मांडावीशी वाटते. मी शहाद्यात राहतो आणि छोट्या भारतीय खेळांवर मराठी-अहिराणीत व्हिडिओ करतो. माझी वाहिनी लहान आहे, माझे स्वतःचे डोमेन नाही, मी जीमेलवरूनच लिहितो आणि माझे इंग्रजी साधे आहे. ‘जीमेलवरून आले, इंग्रजी अडखळते आहे, सदस्य कमी आहेत, म्हणजे भामटा’ असा ठोकताळा अनेक विकसकांनी बांधला आहे, आणि त्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. अहिराणी संवाद ऐकून ज्यांना खरोखर आनंद होईल असे प्रेक्षक आमच्याकडेच आहेत; पोलंडमधील वाहिनीच्या नावाने आलेल्या पत्राला भुलणे जसे चूक, तसेच साक्री किंवा तळोद्याच्या मुलाचे पत्र न वाचता पुसून टाकणेही चूक आहे.

माझ्या मते भाषेवरून, पत्त्यावरून किंवा सदस्यसंख्येवरून निर्णय घेऊ नये. समोरचा स्वतःची ओळख पटवून द्यायला तयार आहे का, यावरून घ्यावा. मी कोणाला लिहितो तेव्हा वाहिनीच्या माहिती-पानावर जो पत्ता दिला आहे त्याच पत्त्यावरून लिहितो, एकच प्रत मागतो आणि खेळातली नेमकी कोणती गोष्ट मला दाखवायची आहे ते सांगतो. विकसकाने सांगितले तर वाहिनीच्या माहितीत एखादा शब्द तात्पुरता लिहून दाखवायलाही माझी हरकत नसते, कारण जो वाहिनीचा मालक आहे त्यालाच ते करता येते. कीमेलर किंवा लर्किट यांसारख्या सेवा हेच काम पद्धतशीरपणे करतात. तिथे वाहिनी जोडण्यासाठी तिच्या खात्यात लॉगिन करावे लागते, म्हणून दुसऱ्याच्या नावाने मागणी करणे अवघड होते.

कोड देण्याची इच्छा नसेल तर स्टीम प्लेटेस्ट या खेळ चाचणीसाठी खेळू देण्याच्या सोयीतून प्रवेश द्यावा. तो प्रवेश विकसकाला हवा तेव्हा बंद करता येतो आणि त्यातून कोणाच्याही मालकीची प्रत तयार होत नाही. मला पहिला व्हिडिओ करायला तेवढे पुरते.

आणखी एक कसोटी आपल्या देशापुरती उपयोगी आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या असून, मोफत मिळालेल्या वस्तूचाही उल्लेख प्रेक्षकांना स्पष्ट दिसेल अशा रीतीने करणे त्यांत अपेक्षित आहे. म्हणून भारतीय परीक्षकाला सरळ विचारावे की, ‘ही प्रत मोफत मिळाली आहे, असे आपण व्हिडिओत सांगाल ना?’ जो खरोखर व्हिडिओ करतो त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते.

धुळ्याचा_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. दुसऱ्याचे नाव धारण करून संगणकाच्या साहाय्याने फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी कलम ३१९ आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. अन्य तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते.

मात्र परदेशात बसलेल्या अनामिक पत्रलेखकापर्यंत पोहोचणे व्यवहारात अवघड असते, त्यामुळे कोड हातचा जाऊ न देणे हेच तुमचे खरे संरक्षण आहे. मूळ पत्र हेडरसकट (पत्र कुठून कसे आले याच्या तांत्रिक नोंदींसकट) जपून ठेवावे, पुसू नये. आणि रागाच्या भरात त्याला खोटा कोड पाठवून डिवचण्याचा मोह टाळावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

भुसावळचा_विकसक

वकीलसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. २०२२ मध्ये फ्रान्समधील काऊकॅट या छोट्या स्टुडिओच्या निर्मात्याने कोड मागणाऱ्या क्युरेटरांना पूर्ण खेळाऐवजी त्याच्या मोफत प्रास्ताविक भागाचे कोड पाठवले होते. कोड विकता येत नाहीत हे लक्षात येताच त्यांपैकी काहींनी खेळाबद्दल नकारात्मक शिफारशी लिहिल्या. त्या माणसाने हा प्रकार जगापुढे आणला याबद्दल मला त्याचा आदर आहे, पण दोघांच्या तुटपुंज्या वेळात असे शत्रुत्व ओढवून घेऊ नये. संशयित पत्राला उत्तरच न देणे उत्तम.

अमळनेरकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शब्दखेळ ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्या पोलिश वाहिनीच्या माहिती-पानावरील पत्त्यावर विचारणा केली. त्यांचे उत्तर आले: हे पत्र त्यांचे नाही, आणि त्यांच्या नावाने अशीच मागणी झाल्याचे त्यांना इतर विकसकांनीही कळवले आहे. क्युरेटर गटाला मी आमच्याकडून क्युरेटर कनेक्टनेच प्रत मिळेल, असे एका ओळीत कळवले होते. त्यानंतर तिकडून काही आलेले नाही. यापुढे मात्र अशा पत्रांना उत्तर देणार नाही.

शहादेकर भाऊ, आपला प्रतिसाद वाचून मी बाजूला ठेवलेली पत्रे पुन्हा काढून वाचली. त्यांत शिरपूरच्या एका विद्यार्थ्याचे पत्र होते. पत्र जीमेलवरून, इंग्रजी मोडकेतोडके, पण त्याने आमच्या ट्रेलरमधल्या कासारणीच्या तोंडचे एक वाक्य जसेच्या तसे लिहून विचारले होते की, तिची बोली तापीकाठची आहे की साक्रीकडची? ट्रेलर लक्ष देऊन ऐकल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही. त्याला वाहिनीच्या माहितीत ‘आठवडे बाजार’ हे शब्द लिहायला सांगितले, त्याने ते लगेच लिहिले, आणि आम्ही त्याला प्लेटेस्टचा प्रवेश दिला आहे.

एक शंका राहिली आहे. विक्री सुरू होण्याआधी काही निवडक लोकांना पूर्ण खेळाचे कोड द्यावेच लागतील. त्यांपैकी एखादा कोड पुढे विकला गेला, तर तो कोणाकडून गेला हे कळण्याची काही सोय आहे का? आणि तो रद्द करावा का?

भुसावळचा_विकसक

सोय आहे, पण तयारी आधी करावी लागते. स्टीमवर्क्समध्ये कोड मागवताना त्या गठ्ठ्याला नाव देता येते. परीक्षकांचा गठ्ठा वेगळा, मित्रांचा वेगळा आणि स्पर्धेतील बक्षिसांचा वेगळा ठेवावा. कोणता कोड कोणाला, कोणत्या तारखेला दिला याची साधी एक्सेल फाइल ठेवावी. पुढे एखादा कोड तपासून तो वापरला गेला आहे की नाही, हे तिथेच पाहता येते. परीक्षणाचे आश्वासन देऊन महिना उलटला, कोड वापरला गेला आणि व्हिडिओचा पत्ता नाही, असे दिसले तर त्या माणसाला पुढच्या खेळाच्या वेळी देऊ नये. मात्र व्हिडिओ आला नाही एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. खेळ न आवडल्यामुळे गप्प राहणारेही असतात.

रद्द करण्याविषयी मी सावध राहीन. कोड रद्द केला की तो वापरलेल्या माणसाच्या लायब्ररीतून खेळ निघून जातो, आणि हा माणूस बहुधा भामटा नसून त्याच्याकडून पैसे देऊन कोड घेणारा अजाण ग्राहक असतो. त्याला भामट्याचा पत्ता माहीत नसतो, तुमचा असतो. तो तुमच्यावरच चिडेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. न वापरलेले कोड बाजारात मांडलेले दिसले तर तो गठ्ठा जरूर बंद करावा. वापरला गेलेला एखाद-दुसरा कोड सोडून द्यावा, आणि तो कोणाला दिला होता ते फाइलमध्ये नोंदवून ठेवावे.